सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, पण तिने बटाटा, वाल आणि नीरेचं विज्ञान जगासमोर मांडलं

बाळ सहा महिन्यांचं झालं, उष्टावणाचा दिवस ठरला की घरात एकच चर्चा सुरू होते. पहिला घास कशाचा द्यायचा? आजीचा भर वरणाच्या पाण्यावर असतो. आईने मोबाईलवर गाजराची प्युरी बघितलेली असते. शेजारच्या काकूंच्या मते पालेभाजीने बाळाचं पोट बिघडतं. उमरेडसारखं तालुक्याचं गाव असो नाहीतर पुण्या-मुंबईतला फ्लॅट, या चर्चेत फारसा फरक पडत नाही.

यात एक मुद्दा मात्र हमखास सुटतो. ताटात काय वाढलंय यापेक्षा त्यातलं अंगी किती लागतं, हे महत्त्वाचं असतं. पोरगं चांगलं खातं पण खाल्लेलं अंगी लागत नाही, ही तक्रार आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. या तक्रारीमागचं विज्ञान शोधण्यात एका मराठी बाईने आपलं आयुष्य घालवलं. त्यासाठी आधी तिला प्रयोगशाळेचं दार उघडून घ्यावं लागलं, आणि ते दार बंद ठेवणारा माणूस साधासुधा नव्हता. ते होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन.

ही गोष्ट आहे डॉ. कमला सोहोनी यांची.

रसायनशास्त्रज्ञांच्या घरातली मुलगी

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालच्या जून महिन्यात इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचंही शिक्षण बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये झालेलं. आज आपण तिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखतो. त्या काळात बऱ्याच घरांत मुलीला जेमतेम लिहायला-वाचायला शिकवून तिचं लग्न लावून द्यायचे. भागवतांच्या घरात मात्र मुलींनी शिकायचं, हे ठरलेलंच होतं.

याच घरातलं आणखी एक नाव मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ते म्हणजे दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, लेखिका आणि आणीबाणीच्या काळात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ठाम भूमिका घेणाऱ्या दुर्गाबाई या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. दुर्गाबाईंनी 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तकही लिहिलं आहे. म्हणजे एका बहिणीने अन्नाची चव आणि परंपरा लिहून ठेवली, तर दुसरीने त्याच अन्नाचं पोटात गेल्यावर काय होतं ते तपासलं.

१९३३ साली कमलाने मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. केलं. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं. पुढे काय, हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथे शिकले त्याच संस्थेत जाऊन संशोधन करायचं, असं तिने ठरवलं आणि बंगलोरला अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला.

नोबेल विजेत्याच्या दारात सत्याग्रह

संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. १९३० साली त्यांना नोबेल मिळालेलं आणि ते या संस्थेचे पहिले भारतीय संचालक. अर्ज नाकारण्याचं कारण गुण कमी पडले हे नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच कारण होतं.

वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा कमला स्वतः बंगलोरला गेली. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता आणि तिच्यावर त्या विचारांचा प्रभाव होता. नकाराचं कारण पटेपर्यंत इथून हलणार नाही, असं सांगून तिने रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह सुरू केला.

शेवटी रामन यांनी माघार घेतली, पण पूर्ण नाही. तिला प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं. तिच्या कामाचा दर्जा रामन यांना पटला तरच त्या कामाला मान्यता मिळणार होती. आणि तिच्यामुळे संस्थेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

विचार करा. विद्यापीठात अव्वल आलेली मुलगी, आणि तिला वर्षभर हे सिद्ध करायचं होतं की तिच्या नुसत्या असण्याने प्रयोगशाळेचं वातावरण बिघडत नाही. तिने अटी मान्य केल्या. अपमान मात्र ती विसरली नाही. उतारवयातही त्यांनी जाहीरपणे सांगितलं की रामन शास्त्रज्ञ म्हणून फार मोठे होते, पण बायकांच्या बाबतीत त्यांचा दृष्टिकोन कोता होता.

संस्थेत तिला मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला तितकेच तयार. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्यं यांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. हा विषय भारतासाठी किती जिव्हाळ्याचा होता ते लक्षात घ्यायला हवं. इथल्या बहुसंख्य कुटुंबांत मांस-मासे रोज परवडत नव्हते. मुलांच्या अंगात प्रथिनं जाणार ती वरणातून, उसळीतून आणि मिळालंच तर दुधातून.

वर्ष संपलं. काम पाहून रामन यांची खात्री पटली. कमलाला नियमित प्रवेश तर मिळालाच, पण तिच्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली तिने आपलं संशोधन मुंबई विद्यापीठाला सादर केलं आणि विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. पदवी मिळवली.

गाजराचं रहस्य उलगडलेल्या गावात

पुढचा टप्पा होता इंग्लंडमधलं केंब्रिज. शिष्यवृत्त्या मिळवून कमला १९३७ साली तिथे पोचली. न्यूनहॅम हे मुलींचं कॉलेज, आणि काम सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत.

हे हॉपकिन्स कोण? आज आपण ज्याला जीवनसत्त्व म्हणतो, त्या कल्पनेचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. १९१२ साली त्यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. शुद्ध केलेली प्रथिनं, पिष्ट, चरबी आणि क्षार असा सगळा आहार देऊनही पिल्लांची वाढ थांबायची. त्याच आहारात रोज अगदी थोडं दूध घातलं की ती वाढायला लागायची. म्हणजे पोट भरणाऱ्या घटकांपलीकडे अन्नात आणखी काहीतरी असतं, जे अत्यल्प लागतं पण ज्याच्याशिवाय वाढ होत नाही. या कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल मिळालं.

गाजराची गोष्टही याच गावात पूर्ण झाली होती. गाजराला रंग देणारं द्रव्य १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळं काढलं आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला कॅरोटीन हे नाव पडलं. पण गाजरात प्रत्यक्ष अ जीवनसत्त्व नसतं. मग गाजर खाल्ल्याने रातांधळेपणा टळतो तो कसा? १९३० साली केंब्रिजमध्येच थॉमस मूर यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की खाल्लेल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व शरीर स्वतः तयार करतं आणि ते यकृतात साठवतं. म्हणजे गाजर देतं तो कच्चा माल, पक्का माल बनतो आपल्या शरीरात. अन्नात काय आहे आणि शरीर त्याचं काय करतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे यातून स्पष्ट झालं.

कमला तिथे पोचली तेव्हा पोषणाचं विज्ञान असं जोमात होतं. सुरुवातीला तिने डेरेक रिक्टर यांच्यासोबत काम केलं. ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू झालं. प्रयोगासाठी निवडला गेला बटाटा.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवण्यासाठी ऑक्सिजन वापरते. या कामात सायटोक्रोम सी नावाचं लोहयुक्त प्रथिन लागतं. एका ठिकाणचे इलेक्ट्रॉन घेऊन पुढच्याला देणं, हे त्याचं काम. बादल्यांची रांग लावून आग विझवताना मधला माणूस जे करतो, साधारण तेच. कमलाने बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं आणि तिथल्या श्वसनातही भाग घेतं. पोत्यात पडून असलेला बटाटाही श्वास घेत असतो, आणि त्याची यंत्रणा आपल्यासारखीच आहे, हा त्याचा साध्या भाषेतला अर्थ.

अवघ्या १४ महिन्यांत तिने प्रबंध लिहून पूर्ण केला. प्रबंध होता फक्त ४० टंकलिखित पानांचा. १९३९ साली केंब्रिजने तिला पीएच.डी. दिली. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिची नोंद घेतली जाते. सहा वर्षांपूर्वी हिचं नाव मुलगी म्हणून कापलं गेलं होतं.

देशात परत, पण जागा कुठे?

परदेशात राहून काम करण्याची संधी असतानाही डॉ. कमला भागवत १९३९ साली भारतात परतल्या. गांधीविचाराचा प्रभाव होता आणि काम आपल्या देशात करायचं, हे पक्कं होतं.

पहिली नोकरी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात. तिथे नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्राध्यापक आणि प्रमुख झाल्या. तिथून त्या निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. हैदराबादमधल्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं हेच मूळ.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेने १९३७ साली एक मोठं काम केलं होतं. भारतीय अन्नपदार्थांमध्ये कोणते घटक किती असतात, याचे तक्ते तिथून प्रसिद्ध झाले होते. ज्वारीत किती प्रथिनं, चवळीच्या पाल्यात किती लोह, गाजरात किती कॅरोटीन, हे पहिल्यांदाच एका जागी वाचायला मिळत होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने पोषणाचा प्रश्न साऱ्या देशासमोर आणून ठेवला, तो काळही हाच.

कमलाबाई तिथे जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम करत होत्या. काम मोलाचं होतं, पण पुढे बढतीची वाट दिसत नव्हती. त्याच सुमारास माधव सोहोनी यांच्याकडून लग्नाचा प्रस्ताव आला. ते व्यवसायाने विमागणिती होते. कमलाबाईंनी होकार दिला आणि १९४७ साली त्या मुंबईला आल्या. लग्नानंतर संशोधन सोडून देण्याचा विषयच नव्हता. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडत होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या.

त्यांचं सगळ्यात लांब पल्ल्याचं काम इथे झालं, आणि ते आपल्या रोजच्या उसळीबद्दल होतं.

वालात प्रथिनं भरपूर, मग अडचण काय?

आपल्याकडे कडधान्यांना गरिबांचं मांस म्हणतात. वाल, तूर, हरभरा, मूग, मटकी, सगळ्यांत प्रथिनं चांगली असतात. तक्ता बघितला तर वाटेल, प्रश्नच मिटला.

पण १९१७ सालीच ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट आढळली होती. उंदरांना कच्चं सोयाबीन दिलं तर त्यांची वाढ नीट होत नव्हती. तेच सोयाबीन शिजवून दिलं की वाढ व्हायची. प्रथिन तेच, मात्राही तीच. मग बदललं काय?

उत्तर पचनात होतं. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर आतड्यात येतं आणि प्रथिनांचे तुकडे करतं. तुकडे झाले तरच ते रक्तात शोषले जातात. काही बियांमध्ये मात्र असं एक द्रव्य असतं जे थेट ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. त्याला ट्रिप्सिन रोधक म्हणतात. बी हे वनस्पतीचं बाळ आहे, ते खाणाऱ्याला सहज पचू नये, अशी ही तजवीज.

सोयाबीनमधला हा रोधक १९४५ साली कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात वेगळा केला. पण भारतात तेव्हा सोयाबीन कोण खात होतं? आपल्या ताटातल्या कडधान्यांचं काय, हा प्रश्न कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला. त्यांनी भारतीय अन्नपदार्थ एकेक करून तपासले आणि त्यांत ट्रिप्सिन रोधक किती आहे, ते मोजलं. १९५५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी आंबे यांनी वाल आणि डबल बीन यांमधले रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचं 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडलं.

कोकणातल्या घरात बिरडं म्हणून आणि उमरेड-नागपूरकडे हिवाळ्यात पोपटीचे दाणे म्हणून खाल्ला जाणारा वाल असा 'नेचर'च्या पानावर पोचला.

याचा आपल्या स्वयंपाकघराशी काय संबंध? तर ओलसर उष्णतेने, म्हणजे पाण्यात शिजवल्याने, हे रोधक मोठ्या प्रमाणात निष्क्रिय होतात. आपल्याकडच्या बायका वाल रात्रभर भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मऊ शिजवतात. ही नुसती चवीची हौस नाही. भिजवणं आणि मोड आणणं यामुळे पचनाला अडथळा आणणारी इतर द्रव्यंही कमी होतात आणि शिजवल्याने उरलेलं काम होतं. धट्ट्याकट्ट्या माणसाला थोडं कच्चं खाऊनही फार फरक पडणार नाही. पण ज्या लेकराच्या वाट्याला दिवसातून वाटीभरच डाळ येते, त्याच्यासाठी त्या वाटीतलं किती पचतं, हा वाढीचा प्रश्न असतो.

राष्ट्रपतींनी सुचवलेलं काम

स्वातंत्र्यानंतर कुपोषण हा देशासमोरचा मोठा प्रश्न होता. महागड्या गोळ्या आणि परदेशी पावडरी सगळ्यांपर्यंत पोचणार नव्हत्या. जवळपास मिळणारं आणि स्वस्त असं काय आहे, याचा शोध सुरू होता. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेवर काम सुरू केलं.

नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी अशा झाडांचा ताजा गोड रस. पहाटे उतरवलेला हा रस थंड ठेवला तर नीरा, आणि ऊन लागून आंबला की ताडी. ताडीच्या बदनामीमुळे नीरेकडेही लोक संशयाने बघायचे. कमलाबाईंच्या संशोधनात नीरेमध्ये अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असल्याचं आढळलं. रस आटवून गूळ किंवा काकवी केल्यावरही त्यातले हे घटक बऱ्यापैकी टिकतात, हेही त्यांनी दाखवलं. नाशवंत रसाचं टिकाऊ अन्न करता येत असेल तर ते दूरवर पोचवता येतं, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा होता.

त्या इथेच थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या तब्येतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाची गुणवत्ता सुधारण्यासाठी सल्ला दिला.

एवढं सगळं करूनही त्यांच्या हक्काची खुर्ची त्यांना वेळेवर मिळाली नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक व्हायला चार वर्षांचा उशीर झाला. बंगलोरला जे उघडपणे झालं होतं, ते मुंबईत फायलींमधून झालं. अखेर त्या संचालक झाल्याच. केंब्रिजमधले त्यांचे जुने सहकारी रिक्टर यांनी इतक्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली महिला संचालक म्हणून त्यांचं कौतुक केलं.

निवृत्तीनंतर मोर्चा भेसळीकडे

अन्न अंगी लागायचं तर आधी ते अन्न असायला हवं. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना उभी केली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले.

तो काळ आठवा. हळदीत आणि डाळीत मेटॅनिल यलोसारखे कापडाचे रंग, बेसनात लाखोळीच्या डाळीचं पीठ, भाज्यांवर हिरवा रंग, असे प्रकार सर्रास चालायचे. लाखोळी दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, हे पूर्व विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई निवृत्तीनंतर अशा प्रश्नांवर गृहिणींसोबत काम करत होती.

मग बाळाच्या वाटीत काय?

कमलाबाईंच्या पिढीने जे विज्ञान उभं केलं, त्याचा आजच्या घरात उपयोग कसा करायचा?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं.

वरणाचं पाणी हे वरण नाही. डाळीतली प्रथिनं तळाशी बसणाऱ्या गाळात जास्त आणि वरच्या पाण्यात कमी असतात. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्यानेच भरलं तर पुढे काही जात नाही. म्हणून डाळ मऊ शिजवून, घोटून, सगळीच द्यायची. भातासोबत दिली तर उत्तम. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात. आपली मऊ खिचडी म्हणूनच इतकी चांगली.

गाजर उकडून, कुस्करून द्यायचं. कच्च्या गाजरातलं कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. शिजवल्याने आणि घोटल्याने ते मोकळं होतं. त्यात थोडं तूप किंवा तेल हवंच, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच शोषलं जातं. शिवाय कच्च्या गाजराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तो धोका वेगळाच. गाजराचा मोसम संपला तर लाल भोपळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला आहेच. आपल्याकडच्या कित्येक हिरव्या पालेभाज्यांत कॅरोटीन भरपूर असतं, हिरव्या रंगाखाली ते दिसत नाही इतकंच.

पालेभाजी आणि डाळीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. वर दोन थेंब लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः गरोदर बाईने, जेवणाला लागून चहा टाळावा. चहातली द्रव्यं लोह अडवतात.

बाळ वर्षाचं होईपर्यंत वरून मीठ-साखर नको आणि मध तर मुळीच नको. मधातून होणारा बोटुलिझम हा आजार दुर्मिळ असला तरी तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. नीरा आणि गूळही या वयासाठी नाहीत. बाळाचं वजन वाढत नसेल तर घरचे उपाय करत बसू नका, अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे दाखवा.

शेवटपर्यंत कामातच

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठेवला होता.  त्या सत्कार समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

त्यांचं नाव पुढे बरीच वर्षं फक्त विज्ञानाच्या वर्तुळातच घेतलं जात होतं. १८ जून २०२३ रोजी त्यांच्या ११२व्या जयंतीला गुगलने डूडल केलं आणि लाखो लोकांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं. बंगलोरच्या ज्या संस्थेने त्यांना आधी दारात अडवलं होतं, तिथे आज मुली पोषणापासून अवकाशापर्यंत सगळ्या विषयांवर संशोधन करतात. प्रवेशासाठी त्यांना कुणाच्या कार्यालयासमोर बसावं लागत नाही.